गॅलरीच्या स्विचवर दुसरा दिवा: वायर बोर्डातून नको, जुन्या दिव्यापासून घ्या

प्रश्न थोडक्यात असा आहे. १९९० च्या आसपास बांधलेल्या इमारतीतला फ्लॅट. गॅलरीच्या दारावर अँगल होल्डरमध्ये एक दिवा, त्याचा स्विच आत हॉलच्या बोर्डावर. गॅलरीच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक दिवा हवा आहे, म्हणजे संध्याकाळी कपडे वाळत घालताना अंधार नको आणि दिवाळीत आकाशकंदीलही तिथेच लावता येईल. नवा स्विच नको, आहे त्याच स्विचवर दोन्ही लागावेत. स्विचला लोड झेपेल का, वायर कुठून ओढायची आणि घरच्या घरी जमेल का, एवढं विचारलं आहे.

लोडचं आधी संपवून टाकतो, कारण सगळे तेच पहिलं विचारतात आणि तिथे काळजीसारखं काही नसतं. साधा स्विच ६ अँपिअरचा असतो, जुन्या घरात ५ अँपिअरचा. २३० व्होल्टला ६ अँपिअर म्हणजे १३८० वॅट. तुमचे ९ वॅटचे दोन एलईडी बल्ब मिळून १८ वॅट होतात. पूर्वी ह्याच स्विचवर एकटा १०० वॅटचा पिवळा बल्ब जळत होता. लाइटच्या एका सर्किटवर दहापेक्षा जास्त पॉइंट किंवा ८०० वॅटपेक्षा जास्त लोड नसावा, असा वायरिंगच्या भारतीय मानकातला, म्हणजे आयएस ७३२ मधला, जुना दंडक आहे. एलईडी आल्यापासून त्यातल्या वॅटच्या मर्यादेजवळ घरातलं लाइटचं सर्किट सहसा पोहोचत नाही. दुसरा दिवा लावल्यावर एमसीबी, म्हणजे जास्त करंट गेला की आपोआप पडणारा सर्किटचा स्विच, पडला तर तो लोडमुळे पडलेला नाही, जोडणीत काहीतरी चुकलं आहे असं समजा.

आता खरा मुद्दा: वायर कुठून घ्यायची.

दिव्याला दोन वायरी लागतात. एक स्विचमधून आलेला फेज, म्हणजे जिवंत वायर, आणि दुसरी न्यूट्रल, म्हणजे करंट परत नेणारी वायर. स्विचमधून आलेला फेज कुठे मिळेल ते सगळ्यांना कळतं. घोळ होतो तो न्यूट्रलचा. लोक बोर्ड उघडतात, स्विचच्या खालच्या टर्मिनलला, म्हणजे जिथून दिव्याकडे वायर गेली आहे तिथे, नवी वायर जोडतात आणि मग न्यूट्रल शोधायला लागतात. तुमच्या इमारतीच्या काळातल्या बोर्डात न्यूट्रल असेलच असं नाही. जुन्या पद्धतीत न्यूट्रल वरच्या वर एका दिव्यावरून दुसऱ्या दिव्यावर फिरवायचे आणि बोर्डात फक्त फेज उतरवायचे. त्याने वायर वाचायची. बोर्डावर प्लग असेल तर मात्र न्यूट्रल तिथे आलेलाच असतो, प्लग त्याशिवाय चालणार नाही. म्हणून हात आपसूक प्लगच्या काळ्या वायरीकडे जातो, आणि पुढचा त्रास तिथून सुरू होतो.

तो प्लग लाइटच्या सर्किटवर आहे की वेगळ्या, हे बोर्डाकडे नुसतं बघून कळत नाही. मध्ये कधी घराचं काम काढलं असेल, एसी किंवा इन्व्हर्टर बसवला असेल, तर एकाच बोर्डात दोन सर्किटच्या वायरी येऊन बसलेल्या असतात. फेज एका सर्किटचा आणि न्यूट्रल दुसऱ्याचा घेतला तरी दिवा लागतो, अगदी व्यवस्थित लागतो. म्हणूनच ही चूक वर्षानुवर्षं लपून राहते. दोन्ही सर्किटना वेगवेगळे आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की सप्लाय तोडणारे स्विच, असतील तर मात्र स्विच दाबताच त्यांतला एखादा पडतो, कारण आरसीसीबी जाणारा आणि परत येणारा करंट सारखा आहे का एवढंच बघतो. एकातून गेलेला करंट दुसऱ्यातून परत आला तर दोघांचाही हिशेब चुकतो. ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीला एवढ्या फरकावर पडायला सांगितलेलं असतं आणि ९ वॅटचा एक दिवाही साधारण ४० मिलिअँपिअर किंवा त्याहून जास्त घेतो. इन्व्हर्टरच्या लाइनचा फेज आणि बाहेरच्या लाइनचा न्यूट्रल अशी सरमिसळ झाली तरी हेच होतं. मग लोक इन्व्हर्टरवाल्याला बोलावतात, तो बॅटरी तपासून जातो.

आरसीसीबी नसेल तर काही पडत नाही, पण ते जास्त वाईट. उद्या कुणी प्लगचा एमसीबी बंद करून त्या बोर्डात काम करायला बसेल. त्याच्या दृष्टीने सर्किट बंद आहे. तो न्यूट्रलचा जोड सोडवतो आणि त्याच क्षणी गॅलरीच्या दिव्यातून आलेला फेज त्याच्या हातातल्या काळ्या वायरीवर उभा राहतो. काळ्या वायरीचा शॉक बसला असं कुणी सांगितलं की मी पहिला प्रश्न हाच विचारतो, न्यूट्रल उसना घेतलाय का?

न्यूट्रल मिळत नाही म्हणून हिरवी वायर वापरणारेही असतात. अर्थिंगवर दिवा लागतो, खोटं कशाला बोलू. पण त्या दिवसापासून घरातल्या अर्थिंगमधून रोजचा करंट वाहायला लागतो. वर कुठे अर्थिंगची वायर तुटली किंवा सैल झाली की दिव्यातून आलेला फेज त्या हिरव्या वायरीवरून फ्रिजच्या, गीझरच्या, वॉशिंग मशीनच्या पत्र्यावर जाऊन बसतो. दुसरं काहीही करा, पण हे करू नका, आणि कुणी करून गेलं असेल तर आज काढून टाका.

म्हणून माझं उत्तर: बोर्डाला हातच लावू नका. जुन्या दिव्याच्या होल्डरमध्ये तुम्हाला हव्या असलेल्या दोन्ही वायरी शेजारी शेजारी आहेत. स्विचमधून आलेला फेज तिथे आहे, त्याच सर्किटचा न्यूट्रलही तिथेच आहे. होल्डरच्या एका टर्मिनलवरून एक वायर, दुसऱ्यावरून दुसरी, आणि दोन्ही तशाच नव्या होल्डरच्या दोन टर्मिनलला. झाला दुसरा दिवा त्याच स्विचवर. ह्याला पॅरलल जोडणी म्हणतात. दोन्ही दिव्यांना पूर्ण २३० व्होल्ट मिळतात आणि एक गेला तरी दुसरा चालू राहतो. जुन्या दिव्याची एक वायर तोडून मध्ये नवा दिवा घातला तर ती सिरीज होते. पिवळे बल्ब असताना दोन्ही मंद लागायचे आणि चूक लगेच कळायची. एलईडीत कधी दोन्ही लुकलुकतात, कधी एकच लागतो, कधी काहीच लागत नाही, आणि माणूस बल्ब बदलत बसतो.

होल्डर उघडण्याआधीचं थोडं. लाइटचा एमसीबी बंद करा. घरात इन्व्हर्टर असेल तर तोही त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद करा. हे विसरणारे फार. मेन बंद केला की इन्व्हर्टरला वाटतं लाइट गेली, आणि तो इमानदारीने त्याच वायरीत २३० व्होल्ट सोडतो. एमसीबीवर चिकटपट्टी लावा आणि घरातल्यांना सांगा, नाहीतर कुणीतरी ‘पडला वाटतं’ म्हणून वर करतो.

टेस्टरवर पूर्ण भरवसा ठेवू नका. पेचकसाच्या आकाराचा निऑन टेस्टर तुमच्या अंगातून जाणाऱ्या अगदी बारीक करंटवर पेटतो. रबरी चप्पल घालून कोरड्या लाकडी स्टुलावर उभे असाल तर तो इतका मंद पेटतो की गॅलरीतल्या उजेडात दिसतच नाही. उलट बऱ्याच अंतरापर्यंत शेजारून गेलेल्या वायरीमुळे मेलेल्या वायरीवरही कधी कधी पेटतो. आधी चालू असलेल्या प्लगवर टेस्टर लावून तो पेटतो का बघा, मग कामाच्या जागी लावा, मग पुन्हा प्लगवर. मल्टिमीटर असेल तर उत्तम. नसेल तर होल्डरला दोन वायरी जोडलेला टेस्ट लॅम्प हे आमच्या धंद्यातलं जुनं आणि खरं बोलणारं हत्यार आहे.

एक तपासणी अशी आहे की ती केल्याशिवाय पुढे जाऊ नये. त्यासाठी सप्लाय चालू लागतो, म्हणून सवय नसेल तर ती वायरमनकडून करून घ्या. दिव्याचा स्विच बंद ठेवायचा, बल्ब काढायचा, आणि होल्डरच्या दोन्ही पिनांवर फेज आहे का बघायचं. दोन्हीवर नसायला हवा. स्विच बंद असतानाही एका पिनवर फेज दिसला तर कुणीतरी कधीतरी स्विच न्यूट्रलवर टाकून ठेवला आहे. जुन्या घरांत हे आश्चर्य वाटावं इतकं सापडतं. अशा ठिकाणी स्विच बंद केला की दिवा विझतो, पण होल्डर जिवंतच राहतो. आधी बोर्डात ते सरळ करून घ्या, मगच दुसरा दिवा वाढवा. नाहीतर दिवाळीत कंदील लावायला स्टुलावर चढलेला माणूस स्विच बंद आहे ह्या भरवशावर होल्डरात बोट घालेल.

वायर १.५ चौरस मिलिमीटरची, तांब्याची, आयएसआय छापाची घ्या. १८ वॅटला एवढी जाड कशाला, असं विचारलं जातं. वायर दिव्याच्या हिशेबाने घ्यायची नसते, मागे कोणता एमसीबी आहे त्याच्या हिशेबाने घ्यायची असते. शॉर्ट झाला तर एमसीबी पडेपर्यंत तो करंट ह्याच वायरीला सोसायचा असतो. दुकानात आकाशकंदिलाबरोबर मिळणारी दोरीसारखी पांढरी फ्लेक्स कायमच्या वायरिंगला चालत नाही, ती कंदिलापुरतीच. फेजला लाल, न्यूट्रलला काळी, आणि सोबत तिसरी हिरवी टाका. प्लॅस्टिकच्या होल्डरला अर्थिंग लागत नाही, पण पुढे कुणी तिथे पत्र्याची फिटिंग लावली तर लागेल. तुमच्या इमारतीच्या काळात लाइटच्या पॉइंटला अर्थिंग द्यायची पद्धत सगळीकडे नव्हती. जुन्या होल्डरात हिरवी वायर नसेल तर नव्या जागी पत्र्याची फिटिंग लावूच नका, प्लॅस्टिकचीच घ्या.

जुन्या होल्डरातून निघालेली वायर चंदेरी दिसली तर थांबा. ती अॅल्युमिनियमची आहे. काही जुन्या इमारतींत अजून आहे. तांबं आणि अॅल्युमिनियम एकमेकांना पिळून टेप मारला की काही पावसाळ्यांत जोड पांढरा पडतो, सैल होतो आणि तापायला लागतो. तिथे दोन्ही धातूंना चालणारा कनेक्टरच हवा. शिवाय अशा घरात एक दिवा वाढवण्याआधी सगळं वायरिंग कुणाला तरी दाखवून घ्या, कारण त्या वयाच्या अॅल्युमिनियमला हलवलं की ते होल्डरपाशीच तुटतं आणि मग भिंतीत ओढायला वायर उरत नाही.

जोडाबद्दल माझे विचार जरा कडक आहेत. घरातल्या वायरी मध्यावर फारशा जळत नाहीत, जोडावर जळतात. त्यामुळे जोड फक्त होल्डरच्या आत, बॉक्समध्ये किंवा जंक्शन बॉक्समध्येच. पाइपच्या किंवा पट्टीच्या पोटात जोड लपवायचा नाही. होल्डरच्या एका टर्मिनलला जुनी आणि नवी अशा दोन वायरी घ्यायच्या असतील तर दोघींची टोकं सारखी सोलून, एकत्र पिळून, एकाच स्क्रूखाली घट्ट धरा. स्क्रू तांब्यावर बसला पाहिजे, प्लॅस्टिकवर नाही, आणि टर्मिनलच्या बाहेर उघडं तांबं दिसता कामा नये. घट्ट केल्यावर एकेक वायर हाताने ओढून बघा. निघाली तर बरं झालं, आत्ता निघाली. होल्डर जुना आणि कडक झालेला असेल तर त्याच्यावर दोन-दोन वायरी लादण्यापेक्षा तो बदलाच. फार तर एका चहाच्या पैशांचा फरक. जागा असेल तर होल्डरमागे छोटा बॉक्स बसवून लिव्हर कनेक्टरने, म्हणजे छोट्या खटक्याने वायर पकडणाऱ्या कनेक्टरने, जोडा; टेपपेक्षा हे कितीतरी बरं. उन्हात टेपचा गोंद सुटतो आणि पट्टी उलगडून लोंबकळते, ते तुम्ही पाहिलंच असेल.

गॅलरी म्हणजे ऊन आणि पाऊस, दोन्ही. आतल्या खोलीत केसिंग पट्टी ठीक आहे, पण उघड्या गॅलरीत ती पिवळी पडून तडकते आणि झाकण पावसात कुठेतरी उडून जातं. तिथे पीव्हीसीचा गोल पाइप सॅडलने भिंतीला धरा. छताच्या कडेकडेने नेला तर दिसतही नाही. भिंतीला भोक पाडताना स्विचबोर्डाच्या सरळ वर आणि जुन्या होल्डरच्या सरळ रेषेत ड्रिल लावू नका, आतल्या पाइप बहुधा तिथूनच गेलेल्या असतात. गिट्टी, म्हणजे स्क्रू धरायला भोकात ठोकतात ती, नीट बसवा. प्लास्टरमध्येच अडकलेली गिट्टी पहिल्या वाऱ्याला पाइपसकट बाहेर येते. होल्डरपाशी वायर खालून आत शिरू द्या, वरून नको. वरून आली तर पाणी तिच्या अंगावरून थेट आत उतरतं. पावसाचे फटकारे येत असतील तर नुसता होल्डर न लावता आयपी६५ची, म्हणजे धूळ आणि पाण्याचे फवारे आत न जाऊ देणारी, बंद फिटिंग घ्या आणि कंदिलासाठी शेजारी झाकणाचा छोटा बॉक्स ठेवा.

होल्डर नेहमीचा पिनांचा असेल तर कोणती वायर कोणत्या बाजूला ह्याने फरक पडत नाही. आट्याचा, म्हणजे बल्ब फिरवून बसवायचा, असेल तर पडतो. फेज आत तळाशी असलेल्या मधल्या पत्तीला, न्यूट्रल बाहेरच्या आट्याला. उलट झालं तर बल्ब फिरवताना बोटं फेजवर.

कंदिलात बल्ब एलईडीच लावा, ५ ते ९ वॅटचा पुरे. पूर्वी कागदी कंदिलात ६० वॅटचा बल्ब लावायचे आणि रात्री उशिरा कागद तपकिरी पडायचा. पण त्याआधी एक विचार करा. कंदील रात्रभर ठेवायची तुमच्याकडे पद्धत असेल तर त्याच्याबरोबर दारावरचा दिवाही रात्रभर जळणार, आणि उरलेलं वर्षभर कपडे काढताना दोन्ही लागणार. एकाच स्विचवर दोन दिवे ही सोय आहे तशी अडचणही आहे. दुसऱ्या टोकाला स्विच असलेला होल्डर घेतला तर बोर्डावरचा स्विच चालू ठेवून तो दिवा तिथल्या तिथे बंद करता येतो. दारावरचा दिवाही वेगळा बंद करायचा असेल तर मात्र बोर्डात स्विच वाढवावा लागेल आणि तिथून वेगळी वायर आणावी लागेल, कारण होल्डरपाशी कायमचा फेज नसतोच. तो बोर्डातच थांबलेला असतो.

सगळं जोडून झाल्यावर, सप्लाय द्यायच्या आधी, दोन्ही बल्ब काढून ठेवा, स्विच चालू करा आणि मल्टिमीटरने होल्डरच्या दोन पिनांमध्ये रेझिस्टन्स बघा. त्या सर्किटवरचं बाकी सगळं बंद हवं. काहीच वाचन नको. शून्याजवळ आलं तर कुठेतरी लाल-काळी चिकटली आहे. वायरमन असेल तर तो ५०० व्होल्टच्या मेगरने, म्हणजे वायरीचं इन्सुलेशन तपासायच्या मीटरने, बघेल, तिथे किमान १ मेगाओहम यायला हवा. एलईडी बल्ब लावून मेगर फिरवायचा नाही, बल्बातला ड्रायव्हर जाईल.

स्विच बंद केल्यावरही नवा एलईडी काजव्यासारखा मिणमिणत राहिला तर घाबरू नका, पण दुर्लक्षही करू नका. पहिली शंका स्विच न्यूट्रलवर असल्याची. वरची तपासणी केली असेल तर ती मिटलेली असते. दुसरी, स्विचमध्ये लाल इंडिकेटर असण्याची. तो इंडिकेटर बंद स्विचमधूनही थोडासा करंट सोडतो आणि एलईडीला तेवढा पुरतो. साधा स्विच बसवला की थांबतं. दोन्ही नसेल तर बऱ्याच अंतरापर्यंत शेजारून गेलेल्या वायरीचा परिणाम असतो. तो धोक्याचा नाही, आणि पुष्कळदा दुसऱ्या कंपनीचा बल्ब लावला की जातो.

हाच उद्योग कुणाला जिन्याच्या दिव्यावर करायचा असेल, जिथे वर आणि खाली असे दोन स्विच असतात, तर तिथेही नियम तोच. नवा दिवा जुन्या दिव्याला पॅरलल. दोन स्विचांच्या मधून धावणाऱ्या दोन वायरींपैकी एकीवर दिवा जोडायचा नाही, नाहीतर तो स्विचांच्या जागेप्रमाणे उलटसुलट लागेल.

आता घरच्या घरी करायचं का. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षाविषयक विनियमांत, आधीच्या २०१० च्या आणि आताच्या २०२३ च्याही, बल्ब, पंखा, फ्यूज, स्विच बदलण्यासारखी कामं परवान्याशिवाय करायला मुभा आहे. नवी वायर टाकून पॉइंट वाढवणं त्यात बसत नाही, ते परवानाधारक ठेकेदाराकडून व्हायला हवं. पाइप ठोकणं, गिट्ट्या बसवणं, वायर ओढून ठेवणं एवढं तुम्ही हौसेने करा. होल्डरमधली जोडणी आणि फेजची तपासणी अशा ठेकेदाराच्या, तारतंत्रीचा म्हणजे वायरमनचा परवाना असलेल्या माणसाकडून करून घ्या. अर्ध्या तासाचं काम आहे. तो आल्यावर ‘बोर्डातून वायर काढतो’ म्हणाला तर न्यूट्रल कुठून घेणार ते विचारा. ‘प्लगमधून’ असं उत्तर आलं तर त्याला तो प्लग आणि गॅलरीचा दिवा एकाच एमसीबीवर आहेत हे आधी दाखवायला सांगा: लाइटचा एमसीबी पाडला की दोन्ही बंद झाले पाहिजेत.

पैशांचं आधीच ठरवा. आमच्याकडे हिशेब पॉइंटवर चालतो, आणि नव्या स्विचपासूनचा पूर्ण पॉइंट वेगळा, आहे त्या दिव्यावरून पुढे नेलेला दिवा वेगळा. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या मोजमापातही एका स्विचवरचा पहिला दिवा आणि त्याच्या पुढचे दिवे वेगळे धरतात. ह्या कामात बोर्डाचं काम नाही, स्विच नाही, भिंत फोडणं नाही. तेव्हा पूर्ण पॉइंटचा दर लावला तर विचारायला लाजू नका. पाइप आणि वायर मीटरवर, मजुरी वेगळी, असं बोलून घ्या.